दमलेल्या पाठीवर ओझं नको : नंदुरबारच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा क्रीडा परिषद,
नंदुरबार

विषय : भरतीच्या सामूहिक सरावात दमछाक झाल्यावर जड वजन उचलायला लावण्याची पद्धत थांबवण्याबाबत



सुरत-नागपूर महामार्गावर कोंडाईबारीचा घाट उतरून नवापूरकडे निघालं की विसरवाडी लागतं. तिथून हे पत्र लिहितो आहे. आपल्या कार्यालयात रोज येणाऱ्या अर्जांत रस्ते, पाणी, वनपट्टे, रेशन असे विषय असतात आणि ते आधी सुटले पाहिजेत, हे मान्य. हा विषय त्या मानाने लहान दिसेल. पण तो आपल्या जिल्ह्यातल्या कोवळ्या वयाच्या पोरापोरींच्या कमरेचा, गुडघ्यांचा आणि काही जणांच्या बाबतीत थेट मूत्रपिंडाचा आहे. शिवाय तो सोडवायला निधी जवळपास लागत नाही.

पोलीस भरतीची किंवा अग्निवीरची जाहिरात निघाली की आपल्याकडे शाळेचं मैदान, नदीकाठची मोकळी जागा, महामार्गाची कडा, सगळीकडे पहाटे पाचला बॅच सुरू होतात. मावची, कोकणी, भिल्ल घरांतली ही पोरं. अनेकांनी आदल्या दिवशी शेतात नाहीतर रोजंदारीवर काम केलेलं असतं, आणि पोटात फार तर चहा असतो. सोळाशे मीटर पळून झालं की दम बसायच्या आत खांद्यावर वाळूची गोणी येते. ती टाकली की ट्रॅक्टरचं टायर उलटवायचं, मग जोडीदाराला पाठीवर घेऊन मैदानाची फेरी, मग लोखंडी पाइपच्या दोन टोकांना डब्यांत सिमेंट ओतून बनवलेला बार जमिनीवरून उचलायचा. सर मोबाईलवर वेळ लावतात, सगळे मिळून आकडे मोजतात, आणि जो बार खाली ठेवतो त्याच्यावर हसू होतं. नाशिक-पुण्याच्या जिममध्ये हाच प्रकार क्रॉसफिट किंवा फंक्शनल ट्रेनिंग म्हणून महिन्याची फी घेऊन चालतो. तिथे निदान बार सरळ असतो आणि खाली रबराची चटई असते.

एकत्र सराव करायला माझा विरोध नाही. एकट्याने पहाटे उठणं अवघड जातं, बॅच असली की पाय आपोआप निघतात. पोरींना तर गटामुळेच घरातून मैदानावर जायची परवानगी मिळते. वजन उचलण्यालाही विरोध नाही. नीट शिकून उचललेल्या वजनाने हाडं, सांधे, स्नायू बळकट होतात. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. जड वजन ताज्या अंगाने, सुरुवातीला, मोजक्या वेळा आणि मध्ये विश्रांती घेऊन उचलावं. दमछाक करायची ती त्यानंतर, आणि ती हलक्या, सोप्या हालचालींनी करावी. आपल्या मैदानांवर हा क्रम उलटा झाला आहे.

असं का म्हणतो ते सांगतो. जमिनीवरून वजन उचलताना ताज्या माणसाचे नितंब आणि मांड्या काम करतात, पाठ सरळ राहते, बार नडगीला घासत वर येतो. दम लागला की आधी मांड्या हात टेकतात. मग माणूस गुडघे वाकवायचं सोडून कमरेतून वाकतो, पाठीची कमान होते आणि वजन अंगापासून लांब जातं. ५० किलोचा बार कमरेच्या मणक्यापासून ३० सेंटिमीटरवर असताना मणक्याला वाकवणारा जो जोर येतो, तो बार ४५ सेंटिमीटरवर गेला की दीडपट होतो. बारवरचं वजन तेवढंच राहतं, मोजणारे आकडे मोजत राहतात, आणि पोराच्या कमरेवर बारचा जोर दीडपट झाला आहे हे कुणालाच दिसत नाही. दमलेल्या माणसाला स्वतःला तर ते सगळ्यात कमी कळतं, कारण आपली पाठ सरळ आहे की वाकलेली याची जाणीवही दमल्यावर बोथट होते.

त्यात पहाटेची वेळ. रात्री झोपेत मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. उठल्यानंतर पहिला तासभर पुढे वाकताना त्यांच्यावर दिवसातल्या इतर वेळेपेक्षा जास्त ताण येतो. म्हणजे सकाळी साडेपाचला वाकून जड वजन उचलणं हे तसंही धोक्याचं, आणि ते दमलेल्या अंगाने उचलणं दुप्पट धोक्याचं.

वारंवारतेने धोका किती वाढतो याचा एक हिशेब कारखान्यांसाठी केलेला आहे. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने १९९१ मध्ये वजन उचलण्याचं सूत्र सुधारून मांडलं. सगळी परिस्थिती अनुकूल असेल तर त्यात २३ किलोची मर्यादा धरली आहे. तेच वजन मिनिटाला दहा वेळा उचलायचं ठरलं की, काम तासाभरापुरतंच असलं तरी, मर्यादा साधारण १० किलोवर येते. मिनिटाला पंधराहून जास्त वेळा उचलायचं असेल तर सूत्राचं उत्तर शून्य. हे आकडे खेळाडूंसाठी नाहीत, सराव केलेला माणूस याहून पुष्कळ जास्त उचलतो. पण वेग वाढला की वजन उतरवायचं, ही दिशा दोघांनाही लागू आहे. आपल्या मैदानावर वेग वाढवताना वजनही वाढवलं जातं.

ज्यांचा धंदाच वजन उचलण्याचा आहे ते काय करतात ते पाहू. वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेत खेळाडूला स्नॅचचे तीन आणि क्लीन अँड जर्कचे तीन प्रयत्न मिळतात. नाव पुकारल्यावर बारला हात घालायला एक मिनिट असतं. पण त्याच खेळाडूला लागोपाठ दुसरा प्रयत्न करायचा असेल तर नियमच त्याला दोन मिनिटं देतो. जगातले सर्वांत बळकट लोक एका उचलीनंतर दम घेतात आणि तो घ्यायची सोय नियमात लिहून ठेवतात. एवढं करूनही इजा टळतेच असं नाही. ३० जुलै २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीचा संकेत सरगर ५५ किलो गटात सुवर्णाच्या उंबरठ्यावर होता. क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात १३९ किलो उचलताना त्याचा उजवा कोपर दुखावला. त्याचं एकूण वजन २४८ किलोवर थांबलं आणि सुवर्णपदक २४९ किलो उचलणाऱ्या मलेशियाच्या खेळाडूकडे गेलं. पूर्ण तयारी, प्रशिक्षक शेजारी, डॉक्टर हाकेच्या अंतरावर, प्रत्येक प्रयत्नाआधी विश्रांती, आणि तरी सांधा दगा देऊ शकतो. मग सोळाशे मीटर पळून आलेल्या, उपाशी, दोन आठवड्यांपूर्वी पहिल्यांदा बार धरलेल्या पोराला आपण काय म्हणून घाईने वजन उचलायला लावतो?

दुखावलेली कंबर निदान लगेच कळते. दुसरा धोका दोन-तीन दिवसांनी उघड होतो, म्हणून तो जास्त वाईट. बेसुमार दमछाकीत स्नायूंच्या पेशी फुटतात आणि त्यांतलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं. ते गाळताना मूत्रपिंडं तुंबतात. डॉक्टर याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. जानेवारी २०११ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाला सुट्टीनंतर एक कसरत दिली गेली. आपल्या कमाल क्षमतेच्या निम्मं वजन खांद्यावर घेऊन शंभर बैठका मारायच्या, तेही घड्याळ लावून. त्यानंतरच्या दिवसांत १३ खेळाडू याच विकाराने रुग्णालयात दाखल झाले. ते धडधाकट होते, त्यांचा खुराक उत्तम होता. विद्यापीठाने नेमलेल्या समितीने खेळाडूंना दोष दिला नाही. ती कसरत पुन्हा वापरू नये, असं तिने सांगितलं.

त्या घटनेतला ‘सुट्टीनंतर’ हा भाग आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. आपल्याकडे जाहिरात निघाली की महिनोन्‌महिने मैदानावर न आलेली पोरं एकदम उतरतात. कुणी गुजरातेतून ऊसतोडीहून परतलेलं, कुणी वसतिगृहातून आलेलं. पहिल्याच आठवड्यात त्यांना जुन्या पोरांच्या बरोबरीने गोण्या उचलायला लावतात. शरीराला सवय व्हायला दोन आठवडे तरी द्यावे लागतात, ते कुणी देत नाही.

आता आपल्या जिल्ह्याचा प्रश्न. नंदुरबारच्या आदिवासी समाजात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे, हे आपणास सांगायला नको. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल इथे सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची असं त्याचं उद्दिष्ट आहे. आपल्या गावागावांत तपासण्या झाल्या, कार्डं वाटली गेली. सिकलसेलग्रस्त रुग्णाची काळजी कशी घ्यायची हे आशाताईंना पाठ आहे. वाहकाला मात्र आपण सांगतो की तुला काही त्रास नाही, फक्त लग्न जुळवताना काळजी घे. रोजच्या आयुष्यापुरतं ते खरं आहे, टोकाच्या दमछाकीत ते पुरेसं खरं नाही. २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकी लष्करातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांचा अभ्यास छापून आला. त्यात सिकलसेल वाहक सैनिकांना श्रमजन्य रॅब्डोमायोलिसिस होण्याचा धोका इतरांपेक्षा ५४ टक्के जास्त आढळला. त्याआधी २००६ मध्ये अमेरिकेतल्या राईस विद्यापीठातला एक फुटबॉलपटू सरावातल्या लागोपाठच्या धावांनंतर कोसळून दगावला. तो वाहक होता, आणि हे कुणाला ठाऊकच नव्हतं. त्यानंतर २०१० मध्ये तिथल्या विद्यापीठीय क्रीडासंघटनेने वरच्या श्रेणीच्या खेळाडूंसाठी सिकलसेल तपासणीचा नियम केला.

इथे एक विनंती ठळकपणे करतो. हे वाचून कुणी मैदानावर सिकलसेलचं कार्ड मागायला सुरुवात करू नये. कार्ड मागितलं की ते लपवलं जाईल. वाहक पोरीच्या नावाची गावभर चर्चा होईल आणि भरती अकॅडमीवाले अशा पोरांना प्रवेशच नाकारतील. त्या लष्करी अभ्यासातली दुसरी गोष्ट इथे उपयोगी पडते. वाहकांमध्ये मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त नव्हतं, आणि त्या लष्करात पाणी, विश्रांती, उन्हाची सवय, हळूहळू वाढवलेला सराव हे नियम सगळ्याच सैनिकांना लागू होते. आपणही तेच करावं. सराव सगळ्यांसाठी सुरक्षित केला की वाहक कोण हे विचारायची वेळच येत नाही. ज्याला आपलं कार्ड प्रशिक्षकाला खासगीत दाखवायचं आहे त्याने दाखवावं, सक्ती नको.

पोरींबाबत आणखी एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तात हिमोग्लोबिन कमी असलेली मुलगी लवकर दमते, आणि लवकर दमलेली पाठ लवकर वाकते. तिला आळशी म्हणून ओरडण्याआधी तिचं रक्त तपासावं.

यावर प्रशिक्षक मंडळी काय म्हणतील हे मला माहीत आहे, कारण बोलून पाहिलं आहे. पहिलं म्हणणं, फौजेत असंच रगडतात, आत्ताच सवय झाली पाहिजे. फौजेचाच दाखला घ्यायचा तर पूर्ण घ्यावा. २०११ मध्ये अमेरिकेच्या लष्करी आरोग्य संस्थेने आणि अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने अशाच टोकाच्या गटकसरतींवर एकत्र निवेदन काढलं. पुरेशी विश्रांती न देता, दमलेल्या अवस्थेत, अवघड वजनी हालचाली घाईने करायला लावल्याने इजेचा धोका वाढतो, असा इशारा त्यात आहे. तो सैनिकांसाठीच होता.

दुसरं म्हणणं, आमची पोरं ऊसतोडीला जाऊन मोळ्या वाहतात, त्यांना काही होत नाही. होतं. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बापाची कंबर चाळिशीत गेलेली असते, फक्त तिची नोंद कुठल्या रजिस्टरात नसते. ज्या कष्टातून सुटायला पोरगा वर्दीच्या मागे लागला आहे, त्याच कष्टाचं दुखणं त्याला वर्दीआधीच देण्यात काय शहाणपण?

तिसरं म्हणणं, याशिवाय भरती निघत नाही. इथे तर आकडेच बोलतात. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची. पुरुषांना १६०० मीटर धावणं २० गुण, १०० मीटर १५ गुण, गोळाफेक १५ गुण. महिलांना १६०० ऐवजी ८०० मीटर. गोळा पुरुषांना ७.२६० किलो, महिलांना ४ किलो. अग्निवीरच्या मैदानावर १.६ किलोमीटर धावणं, पुलअप, नऊ फुटी खंदक आणि तोल सांभाळत चालणं. यांत टायर कुठे आहे? गोणी कुठे आहे? गोळा लांब जाण्यासाठी ताकद लागते हे खरं, पण ताकद वाढते ती ताज्या अंगाने, पाच-सहा वेळा, मध्ये दोन ते पाच मिनिटं थांबून उचललेल्या वजनाने. दमून चाळीस वेळा उचललेल्या गोणीने गोळा पुढे जात नाही. आणि कंबर धरलेला उमेदवार मैदानी चाचणीच्या दिवशी शंभर मीटरलाच बाहेर पडतो. वयोमर्यादा जवळ आलेल्या पोराची ती शेवटची जाहिरात असू शकते.

म्हणून आपणाकडे मागणं आहे ते असं.

एक, जिल्हा क्रीडा परिषदेमार्फत एक पानी सूचनापत्रक काढावं. जड वजन सत्राच्या सुरुवातीला, अंग गरम केल्यानंतरच. धावून आल्यावर गोणी, टायर, बार आणि माणूस उचलणं बंद. वजन उचलताना घड्याळ आणि चढाओढ बंद. पाठ वाकली की त्या क्षणी उचल थांबवायची, राहिलेले आकडे माफ. नव्या पोराला पहिले दोन आठवडे वजन नाही, फक्त रिकाम्या काठीवर तंत्र. पत्रक मराठीत तर असावंच, मावची आणि भिलीतही ते बोलून ध्वनिमुद्रित करावं, म्हणजे मोबाईलवर फिरेल.

दोन, जिल्ह्यात चालणाऱ्या सर्व भरती अकॅडमींची साधी नोंद क्रीडा कार्यालयात व्हावी. दंडासाठी नको, पत्ता आणि फोन माहीत असावा म्हणून. ज्या व्यायामशाळांना आणि मैदानांना शासनाचं अनुदान मिळतं, त्यांना हे पत्रक भिंतीवर लावणं अनुदानाची अट करावी.

तीन, प्रशिक्षकांसाठी वर्षातून एकदा, विसरवाडी, नवापूर, शहादा, तळोदा अशा ठिकाणी आळीपाळीने, एक दिवसाचं शिबिर घ्यावं. जिल्हा रुग्णालयातले अस्थिरोगतज्ज्ञ किंवा भौतिकोपचारतज्ज्ञ तिथे यावेत आणि वजन कसं उचलायचं, कधी थांबवायचं हे मैदानावर करून दाखवावं. यातले बरेच प्रशिक्षक स्वतः भरतीला एक-दोन गुणांनी हुकलेली पोरं आहेत. कुणी त्यांना शिकवलंच नाही, जे सोसलं तेच ते पुढे देतात. त्यांना गुन्हेगार ठरवून काही साधणार नाही.

चार, ग्रामीण रुग्णालयांना कळवावं की भरतीच्या हंगामात सरावानंतर स्नायू सुजून कडक झालेला, कोऱ्या चहासारखी लघवी होणारा मुलगा आला तर तो साधं अंग दुखल्याचा रुग्ण समजू नये. त्याची लघवी आणि क्रिएटिन कायनेज तपासावं, सलाईन लगेच सुरू करावं, गरज पडल्यास पुढे पाठवावं. हीच लक्षणं पोरांनाही सांगावीत. आणि हेही सांगावं की अंगात पाणी कमी असताना दुखणं मारायला घेतलेली डायक्लोफिनॅकसारखी गोळी किंवा इंजेक्शन मूत्रपिंडावर आणखी घाव घालतं. मैदानावर पाण्याचा ड्रम आणि १०८ चा क्रमांक, एवढं तरी असावंच.

२०१४ च्या जूनमध्ये मुंबईतल्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना काही उमेदवारांचे जीव गेले, त्यानंतर धावण्याचं अंतर कमी करण्यात आलं. तो शहाणपणा माणसं गेल्यावर आला. इथे अजून उशीर झालेला नाही. दरवर्षी किती पोरांच्या कमरा जातात हे कुठेच लिहिलं जात नाही, म्हणून हा प्रश्न आपल्या टेबलावर आकडा होऊन येणार नाही. तो एखाद्या पत्रातूनच येईल, म्हणून हे पत्र.

पुढची जाहिरात निघेल तेव्हा बॅच पुन्हा भरतील. त्याआधी ते एक पान आपल्या सहीनिशी निघावं, ही विनंती. विसरवाडी परिसरातल्या प्रत्येक मैदानावर ते नेऊन लावायचं आणि वाचून दाखवायचं काम आम्ही करू.

आपला विश्वासू,
विसरवाडी परिसरातला एक निवृत्त क्रीडाशिक्षक